परक्या मुलखातलं दुकान

विश्रामबागेच्या चौकात आज उभं राहिलं की सांगली कुठे संपते आणि मिरज कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही. दुकानांची रांग सलग आहे, रिक्षा सलग आहेत, महापालिकाही एकच आहे. शंभर वर्षांपूर्वी मात्र याच भागात चारी दिशांना वेगवेगळी सरकारं होती. सांगली हे चिंतामणराव पटवर्धनांचं संस्थान. पूर्वेला मिरज, थोरल्या पातीच्या पटवर्धनांची. उत्तरेला बुधगाव आणि माधवनगर, धाकट्या पातीच्या मिरजकरांची. कृष्णा ओलांडून उदगाव-जयसिंगपूरकडे गेलं की कोल्हापूरच्या छत्रपतींचं राज्य. तासगावला गेलं की थेट इंग्रज सरकारचा सातारा जिल्हा, आणि त्याच्याही पुढे कुंडलला पोहोचलं की औंधच्या पंतप्रतिनिधींचा मुलूख. बैलगाडीने एका दिवसाच्या टप्प्यात सहा राजवटी.

शाळेत हे सगळं 'संस्थानं विलीन झाली' या एका ओळीत संपतं. ८ मार्च १९४८ ला सांगली मुंबई प्रांतात विलीन झालं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं, एवढं पाठ केलं की मार्क मिळतात. पण त्या सहा राजवटींमधून माल घेऊन फिरणाऱ्या मन्यार, अत्तार, तांबोळी, बागवान यांच्यासाठी ही परीक्षेतली ओळ नव्हती. कायद्याच्या भाषेत संस्थानं 'ब्रिटिश हिंदुस्थाना'च्या बाहेरची होती. त्यांच्याशी होणारा व्यवहार सरकारचं परराष्ट्र आणि राजकीय खातं पाहत असे. १९१३ च्या कंपनी कायद्यात ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर स्थापन झालेल्या कंपन्यांसाठी वेगळं कलम होतं. संस्थानात नोंदलेल्या कंपनीने हद्दीपलीकडे शाखा उघडली, तर तिला आपली कागदपत्रं तिथल्या रजिस्ट्रारकडे परदेशी कंपनीसारखी दाखल करावी लागत.

मोठ्या कंपन्यांचं राहू द्या, छोट्या दुकानदाराची अडचण उधारीची. संस्थानातलं कोर्ट हे इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने 'परकीय न्यायालय'. सांगलीच्या कोर्टात उधारीचा हुकूमनामा मिळाला आणि देणेकरी इंग्रजी हद्दीतल्या आपल्या गावी निघून गेला, की तो हुकूमनामा तिथे आपोआप चालत नसे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत सरकारने अधिसूचना काढून एखाद्या संस्थानाच्या कोर्टाला ही सवलत देण्याची सोय होती. ती नसेल तर त्या हुकूमनाम्याच्या आधारे पुन्हा नवा दावा लावायचा. जकात तर प्रत्येक हद्दीवर वेगळी. म्हणजे परदेशात धंदा करण्यासाठी आपल्या माणसांना बोटीत बसण्याची गरज नव्हती, पूल ओलांडला तरी पुरे.

तरीही या परक्या मुलखांत लोक हौसेने धंदा करायला गेले. सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींचं दुकान चालवत होते, कडबा कापायची यंत्रं आणि १९०३ पासून लोखंडी नांगर बनवत होते. बेळगाव इंग्रजी हद्दीत. तिथल्या नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी त्यांची जागा घेतली आणि कारखाना उघड्यावर आला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या ओळखीचे होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळरानाची जमीन दिली, दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. हीच वाट पुढेही चालू राहिली. १९४१ मध्ये किर्लोस्करांनी हरिहरला नवा कारखाना काढला, तेही म्हैसूर संस्थानात. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्यालाही औंधच्या दरबाराचा हात होता. मिरजेत शिकलगारांनी हत्यारांना धार लावायचं काम सोडून तंबोरे आणि सतारी हाती घेतल्या, त्यामागेही मिरजकर पटवर्धनांचा आश्रय होता. आज त्या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं आहे.

या गोष्टी सांगताना संस्थानी काळाचं कौतुक करण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. किर्लोस्करांना जमीन मिळाली ती कायद्याने नव्हे, राजाच्या मर्जीने मिळाली. राजा चांगला होता आणि ओळखीचा होता. ज्याची ओळख नव्हती त्याला त्याच दरबारात ताटकळावं लागलं असेल, आणि मर्जी फिरली तर अपील कुणाकडे करणार? पण एक गोष्ट खरी, की इंग्रज सरकारचा एक प्रजाजन परक्या राज्यात गेला आणि तिथे त्याला जागा, भांडवल आणि दाराशी रेल्वे मिळाली.

आता त्याच वर्षांत उलट दिशेने निघालेली माणसं पाहू. रत्नागिरी, हबसाण, मोरबे या भागांतले कोकणी मुसलमान मुंबईहून बोटीने दक्षिण आफ्रिकेला जात होते. घरात कोकणी-मराठी बोलणारी, नमाजाला अरबी आणि वाझला उर्दू ऐकणारी ही माणसं. रत्नागिरीतून निघायचं ते इंग्रजांच्या मुलखातून आणि केप टाउनला उतरायचं तेही इंग्रजांच्याच मुलखात. राणी एक, झेंडा एक. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने सगळ्या प्रजाजनांना समान वागणुकीचा शब्दही दिलेला. कागदावर ते परदेशात जातच नव्हते. किर्लोस्कर परदेशात गेले आणि त्यांना दुकान थाटता आलं. हे स्वतःच्याच साम्राज्यात गेले आणि दुकानाच्या परवान्यासाठी पन्नास वर्षं भांडत बसले.

दक्षिण आफ्रिकेत भारतीय दोन प्रकारे पोहोचले. १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया मजूर गेले. त्यांच्यामागून स्वतःच्या पैशाने तिकीट काढून व्यापारी गेले. त्यांत गुजराती मुसलमान आणि मेमन सर्वांत पुढे होते, कोकणी संख्येने कमी आणि बहुतेक केप टाउनमध्ये. गोरे लोक या व्यापाऱ्यांना सरसकट 'अरब' म्हणत आणि बऱ्याच व्यापाऱ्यांनाही ते नाव चालत असे, कारण त्यामुळे आपण गिरमिटिया मजुरांपेक्षा वेगळे दिसतो असं त्यांना वाटे. हा इतिहास सांगताना आपण ही बाजू गाळतो. आपल्या परवान्यासाठी लढणाऱ्यांपैकी अनेकांना मजुराचे हाल दिसत नव्हते आणि ज्या देशात हे चाललं होतं तिथल्या आफ्रिकन माणसाचे तर मुळीच नाहीत.

व्यापाऱ्यांवरचा पहिला मोठा कायदा इंग्रजांनी केला नव्हता, बोअरांच्या ट्रान्सवालने केला होता. १८८५ च्या तिसऱ्या कायद्याने आशियाई माणसाला नागरिकत्व नाकारलं, जमीन घ्यायला बंदी केली आणि व्यापारासाठी येऊन राहणाऱ्याने आठ दिवसांत नोंदणी करावी असं ठरवलं. नोंदणीची फी २५ पौंड. ती १८८७ मध्ये ३ पौंडांवर आणली, आणि 'स्वच्छतेच्या कारणासाठी' ठरवून दिलेल्या रस्त्यांवर व वस्त्यांतच आशियाईंनी राहावं असंही जोडलं. शेजारच्या ऑरेंज फ्री स्टेटने तर एवढीही उठाठेव केली नाही. तिथल्या भारतीयांची दुकानं ११ सप्टेंबर १८९१ पर्यंत बंद करायला लावली, नुकसानभरपाई शून्य.

नाताळ इंग्रजांची वसाहत, तिथे उघडपणे 'भारतीयांना बंदी' असा कायदा करणं लंडनला अडचणीचं होतं. म्हणून १८९७ मध्ये नाताळच्या विधिमंडळाने एक हुशार कायदा केला. या १८ व्या कायद्यात भारतीय हा शब्दच नाही. प्रत्येक गावाच्या नगर परिषदेने एक परवाना अधिकारी नेमायचा. ठोक किंवा किरकोळ व्यापाराचा परवाना द्यायचा की नाही, जुन्याचं नूतनीकरण करायचं की नाही, हे त्याने 'आपल्या विवेकाने' ठरवायचं. त्याच्या निर्णयावर अपील त्याच नगर परिषदेकडे. कोर्टात अपील नाही. वर दोन अटी. दुकानाची जागा आरोग्याच्या दृष्टीने योग्य हवी आणि हिशेबाच्या वह्या इंग्रजीत ठेवता आल्या पाहिजेत.

या दोन अटी वाचताना थांबावंसं वाटतं, कारण वरवर त्यांत चुकीचं काहीच नाही. स्वच्छता कुणाला नको? दिवाळं निघालं तर सावकारांना वह्या वाचता याव्यात, हेही रास्तच. पण गोऱ्या दुकानदाराला ही अट जन्मतःच पूर्ण झालेली. सुरती दुकानदार गुजरातीत हिशेब ठेवी आणि त्यावरून कुणाकडून तरी इंग्रजी वह्या लिहून घेई. म्हणजे पगाराचा एक जादा माणूस आणि तरी अधिकाऱ्याचं समाधान होईलच याची खात्री नाही. त्यात नगर परिषदेवर निवडून येणारे कोण? तर त्याच रस्त्यावरचे गोरे व्यापारी आणि त्यांचे गिऱ्हाईक. ज्याचं गिऱ्हाईक तुमच्या दुकानात जातं, त्याच्याच सहीवर तुमचं दुकान अवलंबून.

१८९८ मध्ये डर्बनच्या सोमनाथ महाराज नावाच्या व्यापाऱ्याचा परवाना नाकारला गेला. कारण विचारलं तर कारण देणार नाही असं उत्तर. त्याचे वकील होते मोहनदास गांधी. चार-पाच वर्षांपूर्वी ते दादा अब्दुल्ला आणि तय्यब हाजी खान महंमद या दोन मुसलमान व्यापाऱ्यांमधल्या चाळीस हजार पौंडांच्या दाव्यासाठी आफ्रिकेत आले होते आणि तिथेच थांबले होते. कायद्यात कोर्टाचा दरवाजा बंद होता, तेव्हा नगर परिषदेने सुनावणीची पद्धत पाळली नाही, एवढ्याच मुद्द्यावर ते वरिष्ठ न्यायालयात गेले आणि परिषदेचं कामकाज रद्द ठरवून घेतलं. परिषदेने पुन्हा नीट सुनावणी घेतली आणि पुन्हा नकार दिला. याच सुमारास डर्बनच्या एका नगरसेवकाने दुसऱ्या एका अर्जावर बोलताना सांगून टाकलं की शहराच्या व्यापारावर भारतीयांचा पगडा वाढू नये असं संसदेचं मत आहे, म्हणून परवाना नाही. न्यूकॅसल गावातल्या व्यापाऱ्यांचं प्रकरण थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. तिथेही हरले, कारण कायद्यात अपील नाही म्हणजे नाही.

आणखी एक प्रकरण हुंडामल नावाच्या व्यापाऱ्याचं. डर्बनच्या ग्रे स्ट्रीटवर त्याचा धंदा होता. ग्रे स्ट्रीट म्हणजे भारतीयांची पेठ. १९०४ मध्ये त्याने दुकान वेस्ट स्ट्रीटवर, म्हणजे गोऱ्यांच्या बाजारात हलवायचं ठरवलं आणि तिथे परवाना अडला. माणूस तोच, वह्या त्याच, दुकानही स्वच्छ. बदलला तो फक्त रस्ता. अखेर १९०९ मध्ये नाताळने कायद्यात दुरुस्ती केली आणि परवान्याचं नूतनीकरण नाकारलं तर न्यायालयात अपील करण्याचा हक्क दिला. त्याला बारा वर्षं लागली. नव्या परवान्याला मात्र तो हक्क नव्हताच. जुनं दुकान टिकवता येईल, मुलाला वेगळं दुकान काढून देता येणार नाही.

केपमध्ये परिस्थिती जरा बरी होती. तिथे भारतीयांना जमीन घेता येत असे, ठरावीक मालमत्ता आणि शिक्षण असलेल्यांना मतही देता येत असे. आपले कोकणी तिथेच स्थिरावले, त्याला हेही कारण असावं. डिस्ट्रिक्ट सिक्स, वुडस्टॉक, क्लेअरमाँट अशा वस्त्यांमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर त्यांची किराणा-भाजीची दुकानं होती. शेजारी मलायी मुसलमान, यहुदी, कृष्णवर्णीय, सगळी गरीब वस्ती. गिऱ्हाईक उधारीवर. पण १९०६ मध्ये केपनेही परवान्याचा अधिकार नगरपालिकांकडे सोपवला आणि त्याच वर्षी स्थलांतराचा कायदा कडक केला. त्याचा फटका कोकण्यांना विचित्र ठिकाणी बसला. ही माणसं दुकान चालवत केप टाउनला आणि संसार रत्नागिरीत. लग्नाला, आईच्या आजारपणाला, घर बांधायला गावी यावंच लागे. नव्या कायद्याने गावी जाताना तात्पुरत्या गैरहजेरीचा परवाना काढणं भाग झालं. त्यावर फोटो आणि अंगठ्यांचे ठसे. मुदतीत परतलं नाही तर केपमध्ये राहण्याचा हक्कच संपला. मग दुकान कुणाचं? म्हणून भाऊ-भाऊ, चुलत-मावस आळीपाळीने गावी येत. एकाने गल्ल्यावर बसायचं, दुसऱ्याने परवान्याची तारीख मोजत गावी राहायचं. कोकणात 'आफ्रिकेवाला' या शब्दाला मान होता. त्या मानामागे कायम एका तारखेची धाकधूक होती, हे गावाला क्वचितच दिसलं असेल.

या लोकांच्या धार्मिक जीवनाला आकार देणारा माणूसही रत्नागिरी जिल्ह्यातलाच. हजरत शाह गुलाम मुहम्मद सूफी साहेब १८९५ मध्ये डर्बनला पोहोचले. तिथे त्यांनी दरबार, मदरसा, अनाथालय उभं केलं आणि १९०५ मध्ये केप टाउनमध्ये हबीबिया मशीद बांधली. दुकान आणि मशीद एकमेकांच्या आधाराने उभी राहिली, हे कोणत्याही स्थलांतरित मुसलमान वस्तीत दिसतं.

परवान्याचा प्रश्न पुढे रस्त्यावर आला तो ट्रान्सवालमध्ये. बोअर युद्धानंतर ट्रान्सवाल इंग्रजांकडे आलं होतं. आता १८८५ चा कायदा जाईल असं व्यापाऱ्यांना वाटलं, उलट १९०६-०७ मध्ये प्रत्येक आशियाईने दहा बोटांचे ठसे देऊन नव्याने नोंद करावी असा कायदा आला. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये झालेल्या सभेत हाजी हबीब यांनी अल्लाहला साक्षी ठेवून कायदा न पाळण्याची शपथ घेतली, आणि सत्याग्रहाची सुरुवात तिथून मोजतात. नोंदणी नसेल तर व्यापाराचा परवाना नाही, म्हणून सत्याग्रहींनी परवान्याशिवाय फेरी करायचं ठरवलं. टोपलीत केळी घेऊन रस्त्यावर उभं राहायचं आणि पोलिसांनी पकडण्याची वाट पाहायची. १९०८ च्या जुलैमध्ये असे पकडले गेलेल्यांत हमीदिया इस्लामिक सोसायटीचे अध्यक्ष इमाम अब्दुल कादिर बावझीर होते. त्यांचे वडील मुंबईच्या जुम्मा मशिदीचे मुअज्जिन, आणि ती मशीद कोकणी मुसलमानांच्या जमातीची. मशिदीत इमामत करणारा माणूस बिनपरवाना फेरीवाला म्हणून तुरुंगात गेला. महिनाभराने हमीदिया मशिदीच्या आवारात नोंदणीचे दाखले जाळले गेले. इमामसाहेब पुढे साबरमतीला येऊन राहिले, १९३० मध्ये धरासण्याच्या मिठाच्या सत्याग्रहातही होते. आपल्या मराठी पुस्तकांत धरासणा येतं, इमामसाहेब मात्र फार कमी वेळा येतात.

वकिलांनी मात्र वेगळी वाट शोधली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मजेदार खटला त्यातून झाला. ट्रान्सवालमध्ये आशियाई माणसाला जमीन घेता येत नव्हती. पण कंपनी म्हणजे माणूस नव्हे. तिला वंश नसतो, रंग नसतो. मग क्रूगर्सडॉर्प गावातल्या महंमद दादू यांनी १९०९ च्या कंपनी कायद्याखाली 'दादू लिमिटेड' नोंदवली. एकूण १५० समभाग, त्यांतले १४९ दादूंचे आणि एक दुसऱ्या भारतीयाचा. १९१५ मध्ये या कंपनीने गावात दोन प्लॉट घेतले आणि दादूंनाच भाड्याने दिले. तिथे त्यांनी किराणा दुकान चालवलं. नगरपालिका कोर्टात गेली, ही कायद्याच्या डोळ्यांत धूळफेक आहे म्हणाली, आणि खालच्या न्यायालयात जिंकली. १९२० मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने निकाल फिरवला. कंपनी तिच्या भागधारकांपासून वेगळी आहे, आणि कायद्याने आशियाईंच्या कंपनीला बंदी केलेली नाही, असं न्यायाधीश म्हणाले. जगभरातल्या कंपनी कायद्याच्या अभ्यासात हा खटला आजही येतो. पण निकाल लागायच्या आधीच, १९१९ मध्ये, संसदेने कायदा करून ही फट पुढच्यांसाठी बुजवली होती. जुन्या कंपन्या टिकल्या, नवी काढता येईना. याच दादूंचा मुलगा युसुफ पुढे डॉक्टर झाला, कम्युनिस्ट झाला आणि आफ्रिकन काँग्रेसच्या खांद्याला खांदा लावून वंशवादाविरुद्ध लढला. वडिलांच्या पिढीला जे दिसलं नाही ते त्याला दिसलं. परवाना फक्त भारतीयांसाठी मागून तो टिकत नाही.

१९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने उरलंसुरलं सगळं उचललं. केप टाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स ११ फेब्रुवारी १९६६ ला गोऱ्यांचा भाग म्हणून जाहीर झाला. भारतीयांना रायलँड्स आणि क्रेव्हनबीत जागा दिली गेली. कोपऱ्यावरच्या दुकानाची किंमत त्याच्या कोपऱ्यात आणि उधारीच्या वहीत असते, आणि या दोन्ही गोष्टी ट्रकमध्ये घालून नेता येत नाहीत.

आज आपल्याकडची पोरं आखाती देशांत जातात. तिथे दुबईत वर्कशॉप काढायचं तर परवा-परवापर्यंत ५१ टक्के भागीदारी स्थानिक नागरिकाच्या नावावर ठेवावी लागे. धंदा तुमचा, मालकी कागदावर त्याची. हा नियम २०२१ मध्ये बऱ्याच व्यवसायांसाठी शिथिल झाला. तिथे निदान सुरुवातीलाच सांगितलेलं असतं की तू परका आहेस.

हे लिहायला कारण मात्र आखात नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकान लावू द्यायचं नाही असा ठराव केला. प्रशासनाने त्याला स्थगिती दिली, हेही नोंदवलं पाहिजे. मढीच्या यात्रेत वर्षानुवर्षं जाणारा मन्यार ना आफ्रिकेत गेला होता ना संस्थानची हद्द ओलांडून आला होता. त्याच्या हातात घटनेच्या १९ व्या कलमातला व्यवसायाचा हक्क आहे, आणि नाताळच्या दुकानदाराला नव्हता तो कोर्टाचा दरवाजाही आहे. फक्त यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंतची असते, आणि बांगड्यांची पेटी भरून, उधारीवर माल उचलून, टेम्पोचं भाडं ठरवून निघायचं ते होळीच्या आधी.